कडेच्या गड्यांची पारख

हुसेनची सौदीला बदली झाली आणि बहारीनमधल्या जुफैरच्या एका ऑफिसातल्या फँटसी लीगमध्ये बारावी जागा रिकामी पडली. ती प्रभावती ओव्हाळकडे आली, कारण तिचं टेबल डेलच्या केबिनला सगळ्यात जवळचं होतं. यापेक्षा मोठं कारण त्या दिवशी कुणाकडेच नव्हतं.

डेल म्हणजे कंपनीचा ऑपरेशन्स मॅनेजर. अमेरिकेच्या नौदलातून निवृत्त झाला आणि बहारीनमध्येच राहिला. कंपनी हॉटेलांना आणि जहाजांना धान्य-भाजी-मांस पुरवायची. कोणता ट्रक कुठल्या गेटवर लावायचा, कुठल्या ड्रायव्हरची कोणती शिफ्ट, हे सगळं प्रभावती बघायची. वय सेहेचाळीस, उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र गोदामाच्या पार टोकाला पोचणारा. राहायला सनदला. नवरा दशरथ एसीच्या मोठ्या प्लांटवर टेक्निशियन, मुलगी समीक्षा अकरावीत.

डेल दारात उभा राहून म्हणाला, "प्राबा, बारा माणसं लागतात. तू नुसतं नाव दे. खेळाडू कॉम्प्युटर निवडेल. तुला काही बघावंसुद्धा लागणार नाही."

"मग माझं नाव कशाला घेता?" ती म्हणाली. "त्या खुर्चीचं लिहा."

डेल हसला, पण तिने हसण्यावारी नेलं नव्हतं. "आधी सांगा, करायचं काय असतं. मग बघते, जमतंय का."

तेव्हा त्याने खुर्ची ओढून समजावलं. अमेरिकन फुटबॉलचे खरे सामने तिकडे होतात. इथे प्रत्येकाची एक कागदावरची टीम. आपला गडी तिकडे जेवढे झेल घेईल, चेंडू घेऊन जेवढा पळेल, तेवढे गुण इथे आपल्याला. एकदा घेतलेला गडी आपल्याकडेच राहतो. पण दर मे महिन्यात कॉलेजातून बाहेर पडलेल्या नव्या पोरांची निवड होते, आणि लीगचं खरं मरण-जगणं त्या दिवशी ठरतं. जो मागच्या वर्षी तळाला, त्याची पहिली पाळी. हुसेनची टीम तळाला होती. म्हणजे पहिली पाळी प्रभावतीची.

"या वर्षी वाइड रिसीव्हर भरपूर आहेत," डेल म्हणाला. "कडेला उभे राहतात ते. पळतात, झेलतात."

त्याने एका कॉलेजच्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली दहा मिनिटं तिला काही म्हणता काही कळलं नाही. डोक्यावर लोखंडी पिंजरे घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती, मग शिट्टी, मग पुन्हा तेच. तिची नजर कंटाळून कडेला गेली. तिथे एक सडसडीत पोरगा एकटाच उभा होता, त्याच्या समोर दुसरा, त्याला अडवायला. खेळ सुरू झाला. पोरगा सरळ पळाला, डाव्या खांद्याने खोटंच वळल्यासारखं केलं, समोरचा तिकडे झुकला, आणि हा उजवीकडे मोकळा. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही, दुसरीकडेच गेला. कॅमेराही तिकडेच गेला.

"मागं घ्या," प्रभावती म्हणाली.

"तिथे काही झालं नाही. झेल त्या बाजूला झाला."

"झालं. मागं घ्या. हुलकावणी दिली त्यानं."

डेलला 'हुलकावणी' कळणं शक्यच नव्हतं. पण त्याने रेकॉर्डिंग मागे घेतलं.

प्रभावती धाराशिवची; तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. त्या गावात पोरींच्या हातात पुस्तक येतं त्याच सुमाराला पायांत खो-खो येतो. ती आठवीपासून शाळेच्या संघात होती, कॉलेजात जिल्ह्याच्या. एका सामन्यात चार मिनिटं वीस सेकंद कुणाच्या हाताला लागली नव्हती. पाठलाग करणाऱ्या पोरीचा कोणता पाय आधी पडतो, कंबर किती खाली जाते, डोळे कुठे फिरतात, यावरून ती आता खो देणार की सूर मारणार, हे प्रभावतीला दोन पावलं आधी कळायचं. राज्याच्या संघाची निवड चाचणी झाली तेव्हा बघणारे तिघं होते. ती पळतीला आली आणि त्यातले दोघं चहाला उठून गेले. परत आले तेव्हा तिची पाळी संपली होती. यादीत तिचं नाव नव्हतं. पुढे लग्न झालं, बहारीन झालं, आणि ते पाय ट्रकांच्या वेळापत्रकामागे टेबलाखाली गेले. ती कुणाला हे सांगत बसायची नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

त्या आठवड्यापासून शुक्रवारची सकाळ तिने रेकॉर्डिंगांना दिली. समीक्षाने लॅपटॉपवर तिला कुठे काय सापडतं ते दाखवून दिलं. पहिल्यांदा पोरीने तिला चांगल्या-चांगल्या झेलांचे तुकडे लावून दिले, पाच मिनिटांत वीस झेल.

"हे नको," प्रभावती म्हणाली. "आख्खा सामना लाव."

"आई, दॅट्स थ्री अवर्स!"

"असू दे. ह्यात नुसते झेलच आहेत. झेल घेतला नाही तेव्हा तो काय करत होता, ते कुठंय?"

दशरथला त्या दिवशी सुट्टी होती. चहाचा कप घेऊन तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. "काय बघायलीस गं सकाळपासून?"

"पोरं पळायलीत, ते बघायलेय."

"ह्या अमेरिकन पोरांच्या पायाकडं बघून आपल्याला काय मिळणार?"

"तुम्ही मशिनचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेलाय सांगता न्हवं? मग मला पाय बघू द्या की."

दशरथ कप घेऊन बाजूला बसला, आणि अर्ध्या तासाने तोही वाकून बघू लागला.

अमेरिकन नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत. तिने समीक्षाची जुनी दोनशे पानी वही घेतली आणि पोरांना आपलीच नावं दिली. उंच मानेचा तो 'सारस'. सगळं घाईत करणारा तो 'लगबग'. पाठीवर अकरा नंबर असलेल्या, कुठेही कशाही गिरक्या घेणाऱ्या एकाचं नाव तिने 'भिंगरी' ठेवलं, आणि त्याच्यावर ती खूश झाली. असे पाय तिने धाराशिवच्या मैदानावरही दोन-तीनच पाहिले होते.

निवड गुरुवारी, काम सुटल्यावर, मीटिंग रूममध्ये झाली. हिशेब विभागातला गुरुप्रसाद तिच्या शेजारी बसला होता. तो उडुपीकडचा, लीगमध्ये लागोपाठ दोनदा जिंकलेला. त्याच्याकडे एक लांबच्या लांब शीट होती: पोराची उंची, वजन, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो, वय किती, कॉलेजच्या टीमच्या एकूण झेलांपैकी याचे किती. त्या शीटमध्ये पहिला होता एक थोराड, उंच पोरगा. तिकडच्या सगळ्या जाणकारांचाही तोच पहिला.

डेलने विचारलं, "प्राबा, पहिलं नाव?"

तिने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "अकरा नंबर," ती म्हणाली आणि कॉलेजचं नाव सांगितलं.

खोलीत कुणीतरी शीळ घातली. गुरुप्रसादने हळूच विचारलं, "मॅडम, पक्का? वो मेरी शीट में चौदह नंबर पे है."

"पक्का," प्रभावती म्हणाली.

जिंकलेला म्हणून गुरुप्रसादची पाळी शेवटची, पण एक जुना गडी देऊन त्याने दुसरी पाळी आधीच मिळवून ठेवली होती; तिला त्याने तो थोराड पोरगा उचलला.

सप्टेंबरमध्ये तिकडचे सामने सुरू झाले. सोमवारी सकाळी ऑफिसात आलं की आदल्या दिवसाचे गुण बघायचे, हा शिरस्ता. पहिल्या सोमवारी भिंगरीचे गुण जवळपास शून्य. दुसऱ्या सोमवारी तेच. तिने सामना लावून बघितला आणि तिला खरंच धक्का बसला. पोरगा दरवेळी मोकळा होत होता. समोरच्याला अक्षरशः जमिनीवर बसवत होता. चेंडू त्याच्याकडे येत होता. आणि चेंडू त्याच्या हातातून निसटत होता. एकदा, दोनदा, पाचदा. नोव्हेंबरपर्यंत त्याच्या टीमने त्याला बाकावर बसवलं. गुरुप्रसादचा थोराड पोरगा मात्र दर आठवड्याला गुणांचा पाऊस पाडत होता.

कुणी तिला तोंडावर हसलं नाही, पण पॅन्ट्रीत ती आली की बोलणं थांबायचं. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तिला राग होता तो स्वतःचा, आणि तोही एकाच गोष्टीचा. पाय तिने बरोबर पाहिले होते. हात पाहिलेच नव्हते. खो-खोत चेंडू कुठे असतो?

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने डेलच्या केबिनच्या दारावर टकटक केलं. त्याच्या कपाटावर एक जुना चामड्याचा चेंडू ठेवलेला असायचा, दोन्हीकडे निमुळता.

"मला हा फेकून दाखवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"झेलायचा कसा ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी पोरांना पारखत बसलेय."

दोघं गोदामामागच्या पार्किंगमध्ये गेले. डेलने हळूच फेकला. तिने छातीशी कवटाळायला पाहिलं, चेंडू छातीवर आपटून उडाला आणि एका ट्रकखाली गेला. दुसरा तसाच. तिसरा बोटांवर बसला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सलवार-कमीज सावरत ती प्रत्येक वेळी धावत जाऊन चेंडू आणत होती. ट्रकात माल भरणारे ड्रायव्हर काम सोडून बघत उभे राहिले.

"अंगाजवळ येऊ द्यायचा नाही," डेल म्हणाला. "हात पुढे. दोन्ही अंगठे जवळ. आणि चेंडू हातात येईपर्यंत बघायचा. बहुतेक जण शेवटच्या क्षणी पुढे कुठे पळायचं ते बघायला मान वळवतात. तिथेच सुटतो."

तिने हात पुढे धरले. चेंडू आला, आणि राहिला. ती त्याच्याकडे बघतच उभी राहिली.

"मान," ती म्हणाली. "भिंगरी मान वळवतो."

त्या संध्याकाळी तिने त्याचे कॉलेजातले सामने पुन्हा पाहिले. सगळं तिथे होतंच. चेंडू हातात यायच्या आधी दरवेळी मान वळत होती. तेव्हा समोरचे कच्चे होते म्हणून निभावलं होतं. तिने वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं: पाय. हात. मान. पुढचं सगळं वर्ष तिने त्या तीन शब्दांनी काढलं.

टीम नववी आली. म्हणजे दुसऱ्या मे महिन्यात तिची पाळी चौथी, आणि मग सोळावी. चौथ्या पाळीला तिने सगळे म्हणत होते तोच पोरगा घेतला, कारण तो तिलाही आवडला होता. उगाच वेगळं काही करून दाखवायची तिला हौस नव्हती. सोळाव्या पाळीला ती म्हणाली, "सतरा नंबर," आणि एका अशा कॉलेजचं नाव घेतलं की डेललाही ते नकाशावर कुठे आहे ते आठवावं लागलं.

गुरुप्रसादने शीट खाली-वर केली. "मॅडम, ये तो मेरे पहले साठ में भी नहीं है. चालीस यार्ड फोर-पॉइंट-सिक्स में भागता है. स्लो है."

"भागता है स्लो," प्रभावती म्हणाली. "रुकता है फास्ट."

हा पोरगा तिच्या वहीत 'गुपचूप' होता. पूर्ण वेगात येऊन तो दोन पावलांत कंबर खाली टाकून थांबायचा, आणि थांबेपर्यंत त्याचा खांदा, मान, डोळे, कशानेही समोरच्याला सुगावा लागू द्यायचा नाही. चेंडू बोटांत बसेपर्यंत तो दुसरीकडे बघायचा नाही. आणि जेव्हा चेंडू त्याच्यासाठी नसायचा तेव्हाही तो तेवढ्याच जोराने पळायचा. हे शेवटचं प्रभावतीने वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. तिने त्याचे अकरा सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता पाहिले होते.

सप्टेंबर आला. गुपचूप बाकावर. ऑक्टोबर आला, अजून बाकावर. सहा सोमवार सरळ शून्य.

पॅन्ट्रीत गुरुप्रसादने सौदा पुढे केला. "मॅडम, मैं आपको एक पुराना प्लेयर देता हूँ. हर हफ्ते दस पॉइंट पक्के. सत्रह नंबर मुझे दे दो. मैं तो बस आपके लिए बोल रहा हूँ."

प्रभावतीने चहा ढवळणं थांबवलं. "आपकी शीट में वो अब कितने नंबर पे है?"

गुरुप्रसाद जरा गडबडला.

"मेरे लिए बोल रहे हो तो रहने दो. आपको भी पसंद आया है."

तो मोठ्याने हसला. खरं होतं ते.

घरी दशरथही म्हणाला, "अगं, दे की टाकून. सहा आठवडे झाले."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्या महिन्यात गुपचूपला एकूण अकरा वेळा मैदानात सोडलं होतं. त्या अकराही धावा तिने काढून ठेवल्या होत्या. "मोजा," ती म्हणाली. "किती वेळा मोकळा होतोय."

दशरथने बोटांवर मोजलं. "आठ."

"आणि चेंडू किती वेळा आला?"

"एकदाही न्हाई."

"चेंडू फेकणाऱ्याची नजर तिकडं गेली न्हाई, ह्यात पोराची काय चूक? जाईल. आठ वेळा मोकळा झालेला माणूस कधी ना कधी दिसतोच."

सातव्या आठवड्यात त्या टीमच्या मोठ्या खेळाडूला विश्रांती दिली आणि गुपचूप पहिल्यापासून खेळला. सोमवारी सकाळी प्रभावती ऑफिसात शिरली तेव्हा डेल तिच्या टेबलापाशी उभा होता, हातात फोन. "नऊ झेल," तो म्हणाला. "प्राबा, नऊ!"

"सुटले किती?"

"एकही नाही."

"यल्ला, चला, मग ठीक आहे," म्हणून तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि सहा नंबरच्या ट्रकचं गेट बदललं. आतून मात्र तिला एवढा आनंद झाला होता की गेट चुकीचंच टाकलं आणि पुन्हा बदलावं लागलं.

त्यानंतर तो पोरगा एकाही सामन्यात बाकावर बसला नाही. वर्षाअखेरीस नव्या पोरांत त्याचे गुण तिसऱ्या क्रमांकावर होते. प्रभावतीची टीम शेवटच्या चौघांत पोचली आणि तिथे डेलकडून हरली. अवघ्या चार गुणांनी. तिने डेलशी हात मिळवला आणि सांगितलं, "पुढच्या वर्षी नाही हरणार." डेलला ते धमकीसारखं वाटलं की आश्वासनासारखं, ते त्यालाच ठाऊक.

जानेवारीत गुरुप्रसाद लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी आला. या वेळी सौदा नव्हता.

"मॅडम, सच बताइए. आप देखती क्या हो? मैंने वही गेम देखे. मुझे कुछ नहीं दिखता."

ती उठली. "चलो."

गोदामात दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या वाटेत तिने त्याला उभं केलं. "उस कोने तक जाना है. मेरा हाथ लगने से पहले. लेफ्ट से, राइट से, कैसे भी."

गुरुप्रसाद अडतीस वर्षांचा, रोज सकाळी पळणारा. तो हसला आणि निघाला. चार पावलांत तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"फिर से."

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो चिडून गिरकी घेऊन निघाला. ती त्याच्या आधी त्या जागी उभी होती, आणि तिला फार पळावंही लागलं नव्हतं.

"आपको कैसे पता मैं किधर जाऊँगा?" तो धापा टाकत म्हणाला.

"आपने बताया. जाने से पहले आपका पंजा उधर घूम जाता है. हर बार." तिने त्याच्या बुटाकडे बोट दाखवलं. "अब जाके वही गेम देखो. बॉल मत देखो. पंजा देखो."

त्या वसंतात दोघांनी दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत एक-एक पोरगा बघायला घेतला. फायदा एकीकडूनच झाला असं नाही. तिला एक पोरगा फार आवडला होता, वहीत त्याचं नाव 'पारा'. गुरुप्रसादने शीटमधला एक आकडा दाखवला. पोराचं वय चोवीस.

"तो क्या हुआ?" ती म्हणाली.

"उसके सामने कौन है, देखिए. अठारह-उन्नीस साल के बच्चे. चौबीस का आदमी बच्चों को छकाएगा ही. आगे सब उसकी उमर के मिलेंगे."

प्रभावतीने पाऱ्याचा तो सामना पुन्हा लावला, या वेळी समोरच्या पोरांकडे बघत. त्यांचे खांदे अजून भरलेले नव्हते, पाय एकमेकांत अडकत होते. तिने पेन काढलं आणि पाऱ्याच्या नावावर काट मारली. "खलास," ती म्हणाली. "ये मुझे नहीं दिखा था."

आता लीगमधले बाकीचे दहा जण एप्रिल लागला की काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी येतात. ट्रकचा कागद आणतात आणि जाताजाता विचारतात, अमुक पोरगा कसा वाटतो. ती खोटं सांगत नाही, पण सगळंही सांगत नाही. "पाहिला नाही अजून," असं म्हणाली तर समजायचं, वहीत त्याची तीन पानं भरली आहेत. समीक्षाने तिच्यासाठी फोनवर वही करून द्यायचा प्रयत्न केला, पण प्रभावतीला कागदच बरा वाटतो. पावलांच्या दिशा बाणांनी काढता येतात.

तिसऱ्या मे महिन्यात ती नवव्या पाळीला बसली होती. तिच्या आधीच्या आठ जणांनी आठ नावं घेतली आणि तिने मनात धरलेलं नाव त्यात आलं नाही. गुरुप्रसादची पाळी दहावी. टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. दोघांनी तो पोरगा एकत्रच बघितला होता, आणि दोघांनाही तोच हवा होता.

"प्राबा?" डेलने विचारलं.

तिने नाव घेतलं. या वेळी नंबर नाही, नाव. आदल्या संध्याकाळी समीक्षाने उच्चार तीनदा म्हणवून घेतला होता.

गुरुप्रसादने लॅपटॉप मिटला आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, एक पाळी! एक पाळी थांबतो तर!"

त्याने पहिल्यांदाच तिच्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला होता. सगळे हसले.

"'थांबतो तर' नाही, 'थांबला असतात तर'," ती म्हणाली. "आणि मी का थांबू?" मग पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवून तिने वहीचं पुढचं पान उघडलं. तिथे एकोणीस वर्षांच्या एका पोराचं नाव होतं, कॉलेजचं पहिलंच वर्ष संपलेला. निवडीला यायला त्याला अजून दोन वर्षं होती. तिने त्याच्यापुढे लिहिलं, 'हात चांगले. कंबर अजून वर राहते. सप्टेंबरात बघायचं,' आणि पुढची पाळी ऐकायला मान वर केली.